बकेट उघडली तर रिकामी: गिटलॅबच्या एका रात्रीचं प्रकरण

१ फेब्रुवारी २०१७ ची पहाट. आपल्या घड्याळात चार वाजून सत्तावन्न मिनिटं झाली होती, तेव्हा गिटलॅब या लोकांचा कोड साठवणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने चालू असलेली कमांड घाईघाईने थांबवली. कमांड होती 'आरएम -आरएफ', काहीही न विचारता अख्खं फोल्डर पुसणारी. ती सुरू होऊन जेमतेम एक-दोन सेकंद झाले असतील. तेवढ्यात सुमारे ३०० जीबीच्या डेटाबेसमधले फक्त साडेचार जीबी उरले होते.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या गप्पांत हे प्रकरण 'चुकीच्या मशीनवर डिलीट मारलं' या एका वाक्यात संपतं. ऐकणारा हळहळतो, 'बापरे' म्हणतो आणि चहा पितो. माझ्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी हेच प्रकरण पहिल्या आठवड्यात सांगतो, पण डिलीटचा भाग पाच मिनिटांत उरकतो. चुकीच्या खिडकीत चुकीची कमांड आपल्यातल्या कोणी दिलेली नाही? मला रस आहे तो त्यानंतरच्या तासाभरात. बॅकअपचे एकूण पाच मार्ग कागदावर होते, सगळे आपोआप चालणारे. एकेक करून ते तपासले गेले आणि एकेक करून हात वर करत गेले. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तसं, पण पाच वेळा.

गिटलॅबने स्वतःच हे सगळं जगासमोर उघडं केलं म्हणून आपल्याला इतकं बारकाईने माहीत आहे. दुरुस्ती चालू असतानाची टिपणं सगळ्यांना वाचता येतील अशा गूगल डॉकमध्ये होती, काम यूट्यूबवर थेट दिसत होतं, आणि १० फेब्रुवारीला त्यांनी सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. खालच्या सगळ्या वेळा मी भारतीय घड्याळात बदलून देतो आहे.

मांडणी कशी होती

गिटलॅब डॉट कॉमवर लोक आपला कोड ठेवतात. कोडच्या रिपॉझिटरी, म्हणजे प्रत्येक प्रकल्पाच्या कोडची कोठारं, आणि विकी फाइलींच्या रूपात वेगळ्या एनएफएस सर्व्हरवर, म्हणजे नेटवर्कवरून फाइली पुरवणाऱ्या मशीनवर होत्या. कोण युजर, कोणता प्रकल्प कोणाचा, कोणत्या तक्रारीखाली कोणी काय लिहिलं, हे सगळं पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये होतं. डेटाबेसची दोन मशीन होती. डीबी-१ हे मुख्य, सगळा भार त्याच्यावर. डीबी-२ ही त्याची चालती नक्कल, डीबी-१ पडलं तर जागेवर उभं करायला. सगळं मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडवर.

लहान वेबसाइटचंही असंच असतं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू फोल्डरमध्ये फाइली, बाजूला मायएसक्यूएल हा डेटाबेस. आपण फाइलींचा बॅकअप मनापासून घेतो कारण त्या डोळ्यांना दिसतात, डेटाबेसकडे जरा काणाडोळा होतो. गिटलॅबच्या बाबतीत त्या रात्री फाइली पूर्ण सुरक्षित होत्या, एकही रिपॉझिटरी गेली नाही. पण ती कोणाची हे सांगणारी वही गेल्यावर साइट बंदच ठेवावी लागली.

ती रात्र

३१ जानेवारीला रात्री १०:५० च्या सुमारास एक इंजिनिअर वेगळ्याच कामात होता. डेटाबेसवरचा भार अनेक मशीनवर वाटता येतो का, हे त्याला स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, पाहायचं होतं. त्यासाठी खऱ्या डेटाबेसची ताजी प्रत हवी. अशी प्रत दर चोवीस तासांनी आपोआप निघायची, पण त्याला शिळी नको होती. म्हणून त्याने हाताने एलव्हीएम स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, घेतला आणि स्टेजिंगवर चढवला. हे लक्षात ठेवा.

साडेबाराच्या सुमारास डेटाबेसवर प्रचंड भार यायला लागला. सुरुवातीला संशय स्पॅमवर होता. नंतर कळलं, आणखी एक कारण होतं: कोणीतरी खोडसाळपणे गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याची तक्रार केली होती, ते खातं चुकून काढून टाकण्याच्या यादीत गेलं आणि त्याचा सगळा डेटा पुसण्याचं काम मागच्या मागे चालू झालं होतं. दुष्काळात तेरावा महिना.

पहाटे साडेचारच्या सुमारास या भाराखाली डीबी-२ मागे पडलं. मुख्य डेटाबेसमधले बदल ज्या नोंदींतून नकलेकडे जातात, त्या नोंदी डीबी-२ ने वाचायच्या आतच डीबी-१ ने काढून टाकल्या होत्या. त्या नोंदी कुठे साठवून ठेवण्याची सोयही नव्हती. आता उपाय एकच: डीबी-२ वरचं डेटाचं फोल्डर रिकामं करायचं आणि डीबी-१ वरून पूर्ण प्रत नव्याने ओढायची.

इंजिनिअरने फोल्डर रिकामं केलं, प्रत ओढणारी कमांड चालवली. कमांड नुसती बसून राहिली. ना एरर, ना प्रगती. दोन-तीनदा प्रयत्न केल्यावर ती एवढंच म्हणाली की मुख्य मशीनकडे नकलेसाठी मोकळी जोडणी नाही. ती मर्यादा ३ वरून ३२ केली. आता पोस्टग्रेस सुरूच होईना, कारण एकूण जोडण्यांची मर्यादा ८००० ठेवलेली होती. ती जवळजवळ वर्षभर तशीच चालू होती आणि नेमकी आज आडवी आली. ती २००० वर आणली, डेटाबेस सुरू झाला, प्रत ओढणारी कमांड पुन्हा गप्प. खरं तर ती बिघडलेली नव्हतीच. मुख्य मशीन डेटा पाठवायला लागेपर्यंत ती कितीतरी वेळ काहीही न बोलता थांबते, हे नंतर समजलं. त्यांच्या कामाच्या टिपणात ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

त्या इंजिनिअरच्या घड्याळात तोपर्यंत बरीच रात्र झाली होती. हा माणूस काम आटपून उठायच्या बेतात होता, पण नक्कल तुटली म्हणून थांबला होता. त्याला वाटलं, आधीच्या फसलेल्या प्रयत्नांमुळे फोल्डरमध्ये काही उरलं असेल, म्हणून कमांड अडत असेल. पुन्हा एकदा साफ करू. त्याने साफ केलं. डीबी-१ वर.

दोन्ही मशीनच्या नावांत फरक एका आकड्याचा. टर्मिनलच्या दोन काळ्या खिडक्या, दोन्हींत कमांडच्या आधी दिसणारा प्रॉम्प्ट तोच. त्यानंतरची टिपणातली एक नोंद मला फार माणसाची वाटते: आज आता आपण सुडो लावून, म्हणजे पूर्ण अधिकाराने, काहीही चालवू नये हेच बरं, असं म्हणून त्याने पुढचं काम सहकाऱ्याकडे दिलं. अशा वेळी हात मागे घेता येणं सोपं नसतं. कंपनीनेही त्याच्यावर खापर फोडलं नाही, नावसुद्धा आद्याक्षरांपुरतंच ठेवलं.

पाच दारं

आता बॅकअप.

पहिलं दार म्हणजे डीबी-२, चालती नक्कल. ती तर आधीच हाताने रिकामी केलेली. ती भरलेली असती तरी तिला बॅकअप म्हणणं चूकच. मुख्य डेटाबेसमध्ये कोणी टेबल पुसलं की नकलेतही ते क्षणात पुसलं जातं. आरसा तुमचा फोटो सांभाळून ठेवत नाही.

दुसरं, अझ्युरचे डिस्क स्नॅपशॉट. फाइलींच्या एनएफएस सर्व्हरसाठी ते चालू होते. डेटाबेसच्या मशीनसाठी चालू केलेच नव्हते, कारण त्यासाठी बाकीचे मार्ग आहेत ना! प्रत्येक मार्ग दुसऱ्याच्या भरवशावर. मला हे एकत्र कुटुंबातल्या गॅसच्या नळासारखं वाटतं. दुसऱ्याने बंद केला असेल असं समजून सगळे झोपायला जातात.

तिसरं दार सगळ्यात भक्कम मानलं जायचं. रोज एकदा डेटाबेसचा पूर्ण डंप, म्हणजे सगळा मजकूर फाइलीत उतरवून, काढायचा आणि ॲमेझॉनच्या एस-३ वरच्या बकेटमध्ये, म्हणजे तिथल्या कप्प्यात, ठेवायचा. दुसऱ्या कंपनीचा क्लाउड, दुसरी जागा, पुस्तकात सांगतात तसं. बकेट उघडली. रिकामी.

चौथं, आपोआप निघणारा एलव्हीएम स्नॅपशॉट. तो होता, पण दर चोवीस तासांनी निघणारा, आणि मुळात चाचणीच्या सर्व्हरसाठी. तो वापरला असता तर जवळजवळ अख्ख्या दिवसाचं काम गेलं असतं. पाचवं जे काही रोजचं म्हणून चालायचं, त्याच्याबद्दल टिपणात लिहिलं होतं की त्या फाइली नेमक्या कुठे जातात हेच अजून सापडलेलं नाही, आणि ज्या सापडल्या त्या काही बाइटच्या आहेत.

काही बाइटची बॅकअप फाइल. हा शब्दप्रयोग वाचून माझ्या पोटात खड्डा पडला होता. का, ते पुढे सांगतो.

तिसऱ्या दाराचं काय झालं होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. डंप काढणारं साधन स्वतःपेक्षा नव्या आवृत्तीच्या डेटाबेसचा डंप काढायला नकार देतं. नियम योग्य आहे. गिटलॅबच्या डेटाबेसची आवृत्ती होती ९.६. त्यांच्या पॅकेजमध्ये या साधनाच्या दोन आवृत्त्या असायच्या, आणि कोणती वापरायची हे डेटाच्या फोल्डरमधली आवृत्तीची फाइल वाचून ठरायचं. पण बॅकअपचं काम चालायचं ॲप्लिकेशनच्या सर्व्हरवर, जिथे डेटाचं फोल्डरच नव्हतं. फाइल सापडत नाही म्हटल्यावर पॅकेज मुकाट्याने जुनी ९.२ उचलायचं. ९.२ चं साधन ९.६ च्या डेटाबेससमोर उभं राहायचं, 'जमणार नाही' म्हणायचं आणि परत फिरायचं.

म्हणजे कोणीही आळशीपणा केला नव्हता. क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्राम, वेळेवर उठत होता. स्क्रिप्ट चालत होती. ती अपयशी होत होती आणि अपयशी झाले असं सांगणारी मेलसुद्धा पाठवत होती. फक्त ती मेल पोचत नव्हती. क्रॉनकडून निघणाऱ्या त्या मेलवर डीमार्कची व्यवस्था केलेली नव्हती. ही मेल खरंच याच डोमेनकडून आली आहे का, हे पटवण्याची ती पद्धत. ओळख पटत नाही म्हणून घेणारा मेलसर्व्हर ती दारातूनच परत पाठवायचा. पहारेकऱ्याने रोज रात्री बोंब मारायची आणि वाड्याची दारं-खिडक्या आतून बंद.

इथे आपली एक खोड सापडते. आपण सगळे बॅकअपची सूचना अशी लावतो की बिघडलं तर मेल यावी. मग मेल येत नाही तोवर सगळं ठीक आहे असं समजून चालतो. मेल न येण्याची कारणं मात्र दोन असतात, आणि इनबॉक्समध्ये ती दोन्ही अगदी सारखी दिसतात.

जे वाचलं ते कसं वाचलं

आता रात्री १०:५० चा तो स्नॅपशॉट आठवा. ज्याच्या हातून डेटाबेस गेला, त्याच माणसाने सहा तास आधी भलत्याच कामासाठी, हाताने घेतलेला. तोच वापरला गेला.

लोक याला नशीब म्हणतात. अर्धं नशीब आहेच, त्याला त्या दिवशी ती चाचणी सुचली नसती तर चोवीस तासांची प्रत गळ्यात पडली असती. पण मला त्यात आणखी एक दिसतं. बाकीच्या प्रती घेऊन ठेवलेल्या होत्या. ही प्रत वापरात होती. ती दुसऱ्या मशीनवर चढवली गेली होती, तिच्यावर डेटाबेस उभा राहिला होता, एक माणूस तिच्याशी काम करत होता. त्या सगळ्या प्रतींत रिस्टोअर होते की नाही याचं उत्तर आधीच मिळालेली ही एकटीच होती.

परत आणणंही सोपं गेलं नाही. स्टेजिंगच्या मशीनच्या डिस्क स्वस्तातल्या, वेगाला सुमारे ६० मेगाबिटची मर्यादा. ३०० जीबीला नुसता भागाकार केला तरी अकरा तास होतात. प्रत्यक्षात प्रत हलवायला साधारण अठरा तास लागले. बॅकअप कुठे आहे हे सगळे विचारतात, तिथून तो किती वेगाने येईल हे क्वचित कोणी विचारतं.

शिवाय त्या प्रतीतून वेबहुक, म्हणजे काही घडलं की लोकांच्या सिस्टिमना आपोआप कळवणाऱ्या जोडण्या, काढलेले होते. चाचणीच्या सर्व्हरने चुकून खऱ्या लोकांच्या सिस्टिमना हाका मारू नयेत म्हणून प्रत चढवतानाच ते गाळले जायचे. रोजच्या कामात शहाणपणाची गोष्ट, पण आता तीच प्रत खरी होणार होती, त्यामुळे वेबहुक वेगळे परत आणावे लागले. आणखी एक बारकावा मला फार आवडला. साइट उघडण्याआधी त्यांनी डेटाबेसमधले सगळे क्रमांक एक लाखाने पुढे ढकलले. गेलेल्या सहा तासांत ज्या नोंदींना नंबर दिले गेले होते, तेच नंबर नव्या नोंदींना मिळून घोटाळा होऊ नये म्हणून. पावतीपुस्तक हरवल्यावर हुशार कारकून नवं पुस्तक पुढच्या नंबरापासून सुरू करतो, तसं.

१ फेब्रुवारीला रात्री साडेअकराच्या सुमारास साइट परत उभी राहिली. थेट प्रक्षेपण एका वेळी पाच हजारांच्या आसपास लोक पाहत होते, आणि कॉपीच्या आकड्यांखेरीज तिथे पाहण्यासारखं काहीच नव्हतं. सहा तासांत झालेलं गेलं ते गेलं: अंदाजे ५००० प्रकल्पांच्या नोंदी, ५००० टिप्पण्या, ७०० नवे युजर.

त्यांनी नंतर केलेल्या सुधारणांची यादी लांब आहे. मुख्य मशीनचा प्रॉम्प्ट लाल केला, स्नॅपशॉट दर तासाला केले, डेटाबेसच्या बदलांच्या नोंदी एस-३ वर साठवायला सुरुवात केली, बॅकअपवर नजर ठेवणारे फलक लावले. लाल प्रॉम्प्टचं फार कौतुक झालं. माझ्या मते तो वरवरचा मलम आहे, चार महिन्यांत डोळ्यांना लालही सवयीचा होतो. अहवालातली मला महत्त्वाची वाटलेली ओळ वेगळीच आहे. 'का' असं विचारत विचारत ते शेवटी या उत्तरापाशी येतात: बॅकअप परत आणून पाहणं हे कोणाचंच काम नव्हतं, म्हणून कोणी ते करत नव्हतं.

आणि माझ्या मशीनवर

त्या आठवड्यात मी माझी मशीन उघडली. तेव्हा आठ-दहा लहान ग्राहकांच्या वेबसाइट माझ्याकडे होत्या. सगळ्यांचा रात्रीचा बॅकअप आपोआप. अभिमानाने सांगायचो.

पहिल्यांदा रूटची, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याची, मेलपेटी पाहिली. क्रॉन जे काही बोलतो ते, वेगळं सांगितलं नसेल तर, त्याच मशीनवरच्या मेलपेटीत जातं, आणि ती पेटी उघडण्याची वेळ कोणावर येत नाही. तिथे तीन वर्षांची पत्रं होती. एका सर्व्हरवरून रोज एकच तक्रार: कमांड अर्धवट. मी क्रॉनच्या ओळीतच तारखेचं नाव देण्यासाठी टक्क्याचं चिन्ह वापरलं होतं. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, टक्क्याचा अर्थ 'इथे ओळ संपली' असा होतो, त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. हाताने टर्मिनलवर चालवून पाहिलं तेव्हा ती ओळ उत्तम चालली होती. अर्थातच.

दुसऱ्या एका ठिकाणी डेटाबेसच्या फाइली होत्या, रोजच्या रोज, तारखेसह, अगदी शिस्तीत. प्रत्येक २० बाइटची. काहीच नसलेल्या मजकुराचं जीझिप केलं, म्हणजे तो दाबून लहान करणाऱ्या साधनातून काढला, की बरोबर २० बाइटची फाइल तयार होते. झालं होतं असं: पासवर्ड बदलल्यापासून डंप काढणारी कमांड नापास होत होती, पण तिचं आउटपुट पाइपने जीझिपकडे जात होतं, आणि बॅशमध्ये, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, अशा साखळीचा निकाल शेवटच्या कमांडवरून ठरतो. जीझिपने त्याला मिळालेलं शून्य व्यवस्थित दाबून ठेवलं आणि 'काम झालं' म्हणून कळवलं. 'पाइपफेल' ही एक ओळ स्क्रिप्टच्या डोक्यावर असती तर स्क्रिप्टला पहिल्याच रात्री समजलं असतं.

बैल जायच्या आधी झोपा करायची संधी मिळाली होती, म्हणून सगळी रचना नव्याने लावली. मोठं काही नाही. बॅकअपचं मशीन वेगळं, वेगळ्या कंपनीकडे, आणि वेबसर्व्हरने तिकडे फाइली ढकलण्याऐवजी तेच मशीन रात्री अडीचला येऊन फाइली ओढून नेतं. वेबसर्व्हर कोणी फोडला तरी त्याच्या हातात बॅकअपच्या मशीनची किल्ली पडत नाही. फाइलींसाठी आरसिंक हे नक्कल करणारं साधन, आदल्या रात्रीच्या प्रतीशी हार्ड लिंक जोडून, म्हणजे न बदललेली फाइल पुन्हा न साठवता तिलाच दुसरं नाव देऊन. त्यामुळे प्रत्येक तारखेचं फोल्डर पूर्ण दिसतं आणि जागा फक्त बदललेल्या फाइलींचीच जाते. डंप आधी तात्पुरत्या नावाने लिहायचा, पूर्ण झाला की खरं नाव द्यायचं, म्हणजे अर्धवट फाइल कधी खऱ्या नावाने दिसत नाही. आकार कालच्यापेक्षा एकदम घसरला तर स्क्रिप्टने तिथेच थांबायचं.

सूचनेची दिशाही उलटी केली. सगळं नीट झालं की स्क्रिप्ट शेवटच्या ओळीत तिसऱ्याच एका मशीनला 'मी आहे' एवढं कळवते. सव्वीस तासांत ती हाक आली नाही, तर ते मशीन माझ्या फोनवर बोंबलतं. स्क्रिप्ट मेली, क्रॉन बंद पडला, सर्व्हर जळाला, बिल न भरल्याने कंपनीने तो बंद केला, तरी बोंब होतेच, कारण ती मारायचं काम मेलेल्यावर सोपवलेलं नाही.

आणि शेवटचं, थेट त्या १०:५० च्या स्नॅपशॉटवरून उचललेलं. दर महिन्याला एकदा रिस्टोअर करून पाहू, असं मी आधी ठरवलं होतं. दोन महिने केलं, तिसऱ्या महिन्यात गणपती आले आणि राहिलं. मग वेगळा मार्ग धरला. ज्या ग्राहकांना नव्या गोष्टी आधी करून पाहायला ट्रायल साइट लागायची, त्यांची ट्रायल साइट मी रोज पहाटे रात्रीच्या बॅकअपमधूनच नव्याने उभी करायला लागलो. वेगळ्या मशीनवर, पासवर्डच्या आड, कारण आत खऱ्या गिऱ्हाइकांची माहिती असते. बाहेर जाणारी मेल आणि पेमेंट बंद करण्याचं काम प्रत चढवल्यावर, त्या मशीनवर होतं. मूळ प्रतीला हात लागत नाही, वेबहुकचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. आता बॅकअप तपासणं हे माझं काम राहिलं नाही. ज्यांना सकाळी दहाला ट्रायल साइट उघडायची असते, ते नकळत तो तपासतात.

यात पुस्तकं विकणाऱ्या एका दुकानाची साइट होती. नवी पुस्तकं चढवायचं काम करणारी मुलगी आधी ट्रायलवर मांडणी करून बघायची. नवी रचना सुरू होऊन चार-पाच दिवस झाले असतील, तिचा फोन आला.

"सर, एक विचारायचं होतं. ट्रायलवर पुस्तकांचे फोटोच दिसत नाहीयेत. नावं आहेत, किमती आहेत, मुखपृष्ठ एकाही पुस्तकाचं नाही."

"खऱ्या साइटवर?"

"तिथे आहेत ना. म्हणूनच म्हटलं, माझं काही चुकलं का?"

तिचं काही चुकलं नव्हतं. मी बॅकअपच्या मशीनवर जाऊन अपलोडचं फोल्डर पाहिलं. फोल्डर नव्हतंच. त्या नावाची सिम्लिंक होती, काही अक्षरांची, दुसऱ्या डिस्कवरच्या जागेकडे बोट दाखवणारी. दीड वर्षापूर्वी वेबसर्व्हरची डिस्क भरत आली तेव्हा मीच फोटो नव्या डिस्कवर हलवून मूळ जागी ती लिंक ठेवली होती. आरसिंकने रोज रात्री इमानाने ती लिंक जशीच्या तशी उचलून आणली होती. लिंकच्या पलीकडचे फोटो आणायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याआधीची टारची, म्हणजे फाइलींचं एकच गाठोडं बांधणारी, स्क्रिप्टही तेच करत होती. आकाराची तपासणीही इथे गप्प बसली, कारण आकार घसरायला आधी कधी तो मोठा असावा लागतो.

मी तिला म्हटलं, "तासाभराने परत बघ." आणि स्क्रिप्टमध्ये दुसऱ्या डिस्कचा पत्ता लिहायला घेतला.